खोलीची दुसरी किल्ली

शिकायला अवसरी बुद्रुकला आले तेव्हा मला मळ्यातल्या एका घराला लागून असलेली खोली भाड्याने मिळाली. घरात मालकीणकाकी, त्यांचे मालक आणि काकींचे म्हातारे सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांना ऐकू कमी यायचं. दिवसभर ओट्यावर बसून असायचे.

पहिल्याच दिवशी काकींनी नियम सांगितले. सातच्या आत परत यायचं, खोलीत शेगडी पेटवायची नाही, मुक्कामाला कुणाला आणायचं नाही आणि एक किल्ली त्यांच्याकडे राहणार. येडगावहून मला सोडायला आलेल्या आईला हे सगळं पसंत पडलं. मला किल्लीचं मात्र खटकलं.

पंधरा दिवसांतच संशय आला. सकाळी झटकून घातलेली चादर मी परत येईपर्यंत चुरगळलेली असायची. उघडी ठेवलेली खिडकी लोटलेली. एकदा तर उशीला तंबाखूचा वास आला. काकी मिसरी लावायच्या, म्हणजे त्याच, असं मी धरून चालले. डायरी बॅगेत घालून बॅगेला कुलूप लावायला लागले. काकी समोरून आल्या तरी धड बोलायचे नाही.

त्याही माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायच्या. एका सकाळी त्यांनी मला अडवलंच.

"तुज्याकडं कोण येतं गं?"

"कोणी नाही."

"मंग काल दुपारी तू कालेजात असताना आतून कडी कशी व्हती? हाका मारल्या तरी उत्तर न्हाई. आमच्यात असलं चालायचं न्हाई."

"किल्ली तुमच्याकडे असते, काकी. मी कुणाला विचारू?"

त्या लाल झाल्या आणि निघून गेल्या. मी ठरवलं, महिना भरला की खोली सोडायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी तास झाला नाही म्हणून लवकर आले. दाराचं कुलूप काढलेलं, आतून कडी. आता सापडल्या, असं वाटून मी दार बडवलं. तर काकी खुरपं हातात घेऊन मागच्या वावरातून धावत आल्या. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

काकींनी खिडकी ढकलली. माझ्या खाटेवर आबा झोपले होते, पागोटं उशाशी ठेवून. काकींनी काठी आत घालून खाट हलवली तेव्हा ते उठून बसले.

"मेंढरं आली का?"

काकी पायरीवर बसल्या. "हितं मेंढरांचा वाडा व्हता," त्या म्हणाल्या. "राखणीला त्यांची खाट हितंच असायची. लई वर्सं झाली मेंढरं इकून."

माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. घरातल्या खुंटीवरची किल्ली मात्र त्यांनी माझ्या हातात दिली.

खोली मी सोडली नाही, पण परत आल्यावर आधी चादर बघायची सवय काही गेली नाही. एका सुट्टीच्या दुपारी दार वाजलं. आबा होते. मी दार उघडलं तसं त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू? हितं काय करती?"

"भाड्यानं राहते, आबा," मी मोठ्यानं सांगितलं.

त्यांना ते काही पटलं नाही. समोर लिंबाखाली बसून ते बराच वेळ माझ्या दाराकडे बघत राहिले.