गालाच्या सोनोग्राफीवाल्या मॅडम

आमच्या सोनोग्राफीच्या मॅडमइतकी बोलकी बाई अख्ख्या अमरावतीत नसेल, आणि जिला इतकं गप्प बसावं लागतं अशीही नसेल. दिवसभर त्यांच्याकडे गरोदर बाया. मुलगा की मुलगी सांगायला कायद्याने बंदी, म्हणून मॅडम यंत्राचा पडदा भिंतीकडे वळवून, ओठ घट्ट मिटून काम करायच्या. ती सगळी कसर त्या आमच्या पेशंटवर भरून काढत. खालच्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते. गालाला किंवा जबड्याखाली सूज असली, की आत पू आहे, गाठ आहे की लाळेच्या ग्रंथीत खडा, हे पाहायला आम्ही पेशंट वर पाठवायचो. नांदगाव खंडेश्वरचा एक दांडगा गडी "मी काय पोटुशी हाये काय?" म्हणत जिन्यातूनच परत फिरला. मॅडम वरून ओरडल्या, "ये रे! तुह्या गालात काय हाये ते सांगाले मले कोणी मनाई नाई केली!"

यंत्राशेजारी त्यांची चिंचेची बरणी असे. चिंच चोखली की लाळ सुटते, नळी फुगते, अडकलेला खडा दिसतो. पुस्तकात लिंबू लिहिलंय, असं मी एकदा हळूच म्हटलं. "लिंबू मले चोखता येते काय दिवसभर?" मॅडम म्हणाल्या.

वलगावचे एक शिंपी चाचा आले होते. जबड्याखालची गाठ जेवायला बसलं की फुगायची. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला, त्यामुळे कॅन्सरच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कापूस पिकेना तशी गावात नवे कपडे शिवून घेणारी माणसंही उरली नव्हती, त्यात हे. शिलाई मशीन त्यांनी पुतण्याला देऊनही टाकली होती. "बेटी, कॅन्सरच ना?" त्यांनी मला जिन्यात विचारलं. मी नुसती चिठ्ठी पुढे केली.

मॅडमनी चिंच दिली, जबड्याखाली यंत्र फिरवलं आणि पडदा पुरता त्यांच्याकडे वळवला. "चाचा, हे पांढरं दिसून राह्यलं ना, ज्वारीच्या दान्यावानी? खडा हाये. काढला का झालं. खर्रा सोडा, अन् पह्यले पुतन्याकडून मशीन वापस घ्या."

चाचा उठेनात. "मॅडम, अजून एक डाव दाखवा."

मॅडमनी दाखवलं. मग तिसऱ्यांदा. बाहेर बाया ओरडत होत्या.

मॅडम आता अकोल्याला मुलाकडे असतात. रिपोर्ट मीच समजावते; बोलायला शिकले आहे, चुकतही नाही. लोक ऐकतात, मान डोलावतात, बस चुकेल म्हणून घाईने उठतात. अजून एक डाव दाखवा, असं मला कुणी म्हटलेलं नाही.