गाठींचा दोर

पालमजवळ आमच्या शेताला लागून एका शेजाऱ्याचं शेत होतं. रोज सकाळी तो आपल्या विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायचा. दोराला हातहात अंतरावर गाठी होत्या. कितवी गाठ भिजली ते तो अंगठ्यानं चाचपून पाहायचा. बोलायचा तेही दोराकडंच बघून, आणि सुरुवात ठरलेली, "वैनी, राग नका मानू, पण..."

पुढचं मी ऐकूनच घेत नसे. तेव्हा मी चोवीस वर्षांची, म्हणजे गावातली सगळ्यात शहाणी! बांधावर निलगिरी लावलीय, चार वर्षांत वासे विकणार, असं सांगत मिरवायचे. आपल्या ज्वारीवर सावली नको म्हणून रोपं मात्र त्याच्या बाजूनं लावली होती. नातींना हे सांगताना आता मीच पदराआड तोंड लपवते.

तिसऱ्या उन्हाळ्यात तो झाडांपाशी कुऱ्हाड घेऊन दिसला. मी ओरडत धावले, "भाऊजी, झाडाला हात लावून तर बघा!"

जवळ जाऊन बघते तर त्यानं आपल्याच शेतात चर खणला होता. पाणी ओढायला विहिरीकडं निघालेली निलगिरीची मुळं तोडून त्यानं बांधावर नीट रचली होती.

"वैनी, राग नका मानू, पण ही तुमची हायत. जळणाला न्या."

मी त्याच्यामागं विहिरीवर गेले. त्यानं दोर टोकापर्यंत सोडला. दगडसुद्धा कोरडाच वर आला.

"दोर आखूड पडायलाय," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडं बघून.

मी घरून आमच्या पोहऱ्याचा दोर सोडून आणला आणि त्याच्या दोराला गाठ मारली. मग दोघांनी तो धरून पुन्हा खाली सोडला.