गुळमामाचा धडा

गुळमामाइतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही, आणि इतका खोटाही. साताऱ्याच्या रिमांड होममध्ये तो आम्हा पोरांवर देखरेखीला होता. "लेकरा, इकडं ये रं," म्हणायचा, आणि लेकरू जवळ गेलं की कानाची पाळी नखात धरून पिळायचा. आवाज मात्र तसाच, हरिपाठ म्हटल्यागत. मला त्याची नक्कल अजून येते. कान तेवढा दुसऱ्याचा लागतो.

मी वाईहून विनातिकीट पळून आलेला, स्टँडवर घावलो. आज ना उद्या बाप येऊन ठोकत घरी नेणार हे ठरलेलं, म्हणून मला नकला सुचायच्या. म्हाकूचं तसं नव्हतं. तो जतकडच्या धनगराचा पोरगा, असेल दहा-अकराचा. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मेंढरं घेऊन बापलेक चाललेले, वाटेत एका गावात कुणाची तरी शेळी त्यांच्या कळपात शिरली. चालत्या कळपात अशी शिरतेच, हाकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. बाप लांब पुढं होता. मागं म्हाकू होता, म्हणून चोर म्हाकू.

कोर्टाच्या दिवशी मामा सगळ्यांना एकच धडा द्यायचा. "सायेब काय बी इचारू दे, हात जोडायचं न् म्हणायचं, चुकलं. मग सोडत्यात." सोडायचेही, पण ज्यांचे आईबाप मागं बाकावर बसलेले त्यांनाच. मामाला हे चांगलं ठाऊक होतं. पण एकेका पोराची कहाणी ऐकत बसलं तर त्याला जेवायला उशीर व्हायचा.

म्हाकू मला म्हणाला, "म्या न्हाई नेली गड्या. ती आपसूक आली." मी म्हटलं, हेच सांग. त्या दिवशी माझीही तारीख होती, मी तिथंच उभा होतो. साहेबांनी सरळ विचारलं, शेळी तू नेलीस का? म्हाकूनं शेजारच्या मामाकडं बघितलं आणि हात जोडले.

"चुकलं."

कबूल केलं, वर घरचं कुणी आलेलं नाही. साहेबांनी त्याला अठरा वर्षांचा होईपर्यंत पुण्याच्या पुढं सरकारी सुधारशाळेत धाडलं. माझाही बाप आला नव्हता, मला पुढची तारीख मिळाली.

नंतर म्हाकूचा बाप आला. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करेपर्यंत उशीर झाला, म्हणाला. भरपाईला स्वतःची शेळी आणली होती. मामानं गूळ ओतला, पोरगं पुण्याच्या पुढं शाळेत गेलंय बाबा, सरकार जेवू घालतंय, अठराचं झालं की येईल. बापानं शेळीची दोरी हाताला गुंडाळली. मग म्हणाला, "आवं मामा, त्या वाटंला मेंढरांस्नी चारा हाय का?"

मामा पोट धरून हसला आणि आत जाऊन शिपायाला तेच सांगत बसला. बाप शेळीची दोरी धरून फाटकाशी उभाच होता, उत्तर येईल म्हणून.