दिन्याचं सोळा जीबीचं कार्ड

दिन्या ग्राफिक्स कार्ड न घेताच मेला.

रागावू नका. मला याहून बऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

आम्ही दोघं पूर्णेच्या शाळेपासूनचे दोस्त. एका स्पेस गेमसाठी त्यानं नवा पीसी जोडला. कॅबिनेट, रॅम, मॉनिटर, सगळं आलं. फक्त कार्डाची जागा रिकामी. आणि गेम इतका जड, की चांगल्या कार्डाशिवाय यान जागचं हलत नाही.

ठरलं होतं एवढंच. तो पायलट, मी मागच्या सीटवर, आणि दोघांनी मिळून एकदा चंद्रावर उतरायचं.

मी म्हणायचो, "बारा जीबीवालं घे अन् मोकळा हो."

"बारा कमी पडतंय. यान स्पेस स्टेशनवर गेलं की अडकतंय. सोळाच पाहिजे."

"मग सोळा घे!"

"ते लय तापतंय. त्या व्हिडिओतल्या रिव्ह्यूवाल्याची खोली एसीची हाय. मे महिन्यात पत्र्याखाली कुणी टेस्ट करायलंय का?"

उन्हाळा सरला की, "थांब की, नवीन यायलंय."

सोयरीक जुळवतानाही कुणी इतक्या चौकशा करत नाही.

माझ्याकडं पीसी होता, गेम होता. पण "माझ्याबिगर उतरू नको" अशी त्याची तंबी. मी आपला चंद्राभोवती घिरट्या घालून परत यायचो. येड्यासारखा.

मागच्या मे महिन्यात त्याला अटॅक आला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना.

त्याचे काका हात जोडून म्हणाले, "दिनू, पोरीला शिकवतो बाबा."

कावळा बाभळीवर.

"आईला अंतर देत न्हाई."

कावळा बाभळीवरच. ऊन चढलेलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

माझं डोकं सरकलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "दिन्या, बारावालं आणतो, तुझ्या पीसीला बसवतो. झालं?"

कावळा ढिम्म.

"बरं, सोळा! सोळावालंच आणतो!"

आला. थेट भातावर.

काका माझ्याकडं बघतच राहिले. मी रडत होतो आणि भयंकर चिडलोही होतो. मेल्यावरही त्यानं स्वतःचंच खरं केलं.

आज वर्षश्राद्ध. जेवणं उरकल्यावर त्याच्या खोलीत गेलो, पीसीवरचा पंचा काढला आणि कार्ड बसवलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"एवढंच असतंय का, भावजी?"

"हो, वहिनी."

"मग ह्यांनी इतकी वर्षं काय बघितलं?"

मी कॅबिनेटचं झाकण लावलं.

त्याच्या नावानं लॉगिन केलं. पायलटच्या सीटवर बसलो आणि उतरलो चंद्रावर. मागची माझी सीट रिकामी राहिली.

भर दुपार होती, डोक्यावर पत्रे होते.

कार्ड तापलं नाही रे, दिन्या.

चढलेल्या आवाजातच तुला श्रद्धांजली. जा आता.