जोगांच्या कूलरवरचं घरटं

२०२४ चा ज्येष्ठ. उन्हाळा सरता सरत नव्हता. लालबागेजवळच्या बाकावर आम्ही तिघे रोज सकाळी बसायचो. कर्णिक मास्तर मोबाईलवर प्राण्यांचे नवे शोध वाचायचे, जोग त्यांची खिल्ली उडवायचे, मी ऐकायचो. मी चौथी पास, टेम्पो चालवला. पण पोह्यांवरच्या शेवेसारखे तिथे किस्से सांडायचे. वेचायला शिक्षण लागत नाही.

* * *

मास्तर म्हणाले, "हत्ती एकमेकांना नावानं हाका मारतात, असं दिसून आलंय!"

जोग म्हणाले, "सुखी आहेत भिया! आमची ही 'अहो' म्हणते, तर शेजारचे दोघेही वळतात!"

* * *

झाड तहानलं की टकटक करतं, आपल्याला ऐकू येत नाही, हेही मास्तरांनीच वाचलं. दुसऱ्या दिवशी जोग वैतागून आले. "कानाचं मशीन फुल केलं, तुळशीपाशी तासभर बसलो. काही नाही!"

मी विचारलं, "पाणी घातलं?"

"अरे यार! ते राहिलंच!"

* * *

त्याच आठवड्यात जोगांनी गच्चीतल्या कूलरवरून कावळ्याचं घरटं काढलं. रिकामं होतं, असं ते म्हणतात. सगळं तारांचं, म्हणून भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवलं. तेव्हापासून ते दिसले की कावळा डोक्यावर चोच मारायचा.

मास्तर म्हणाले, "कावळा चेहरा ओळखतो. वर्षानुवर्षं विसरत नाही. शास्त्र आहे!"

जोग बाकावर हेल्मेट घालून यायला लागले. पायी! चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं त्यांना शाबासकी दिली.

* * *

पितृपक्षात जोगांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. गच्चीत पान वाढलं. जोग सोवळ्यात, डोक्यावर हेल्मेट. टाकीवर तोच कावळा. पानाकडे बघेना.

जोगांनी हात जोडले. "नाना, धाकट्या भावाशी भांडणार नाही."

कावळा ढिम्म.

"आईच्या नावानं खजरान्याच्या देवळात अन्नदान करीन."

कावळ्यानं मान फिरवली. दुपार कलली. घरात सगळे उपाशी. जोगांनी पुन्हा हात जोडले. "नाना, माझं काय चुकलं?"

मास्तरांनी घसा साफ केला. "शास्त्राप्रमाणे..."

"मास्तर, चुप!"

मग जोग वळले. कूलरकडे बघत राहिले. खाली जिन्यापाशी गेले. वर आले तेव्हा हातात तारांचं घरटं होतं. होतं तिथे ते नीट बसवलं. हेल्मेट काढलं. मागे सरकले.

कावळा उतरला. आधी घरट्यावर बसून एकेक तार चोचीनं ओढून पाहिली.

मग पानातला वडा उचलला.