एका सीटची मोटारसायकल

आम्ही तिघं भेटलो की चहा येण्याआधी मोटारसायकल निघते. गाडी एकच, चालवली जेमतेम तीन-चार वर्षं, पण किस्से दर भेटीत वाढतात. आमच्या बायका म्हणतात, मागच्या वेळी असं नव्हतं सांगितलं. नसेल! पण खाली देतोय ते तिघांनाही मान्य असलेलं आहे.

तिघं म्हणजे मी, चेंबूरला फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर असलेला दिल्या, आणि सुध्या. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी, मुक्काम बोरीवली. गाडी सुध्याच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. साडेतीनशे सीसीची, मिलमधल्या एका साहेबाकडून जुनी घेतलेली. मिल बंद पडली, गाडी राहिली. दर रविवारी अप्पा पुढे आणि सुध्याची आई, म्हणजे माई, मागे एका बाजूला पाय सोडून, अशी ती दोघं मासे आणायला निघायची.

*

सुरुवात झाली रद्दीवाल्याकडे. सुध्याला एका परदेशी मासिकाचं फाटकं पान मिळालं. त्यावर वाळवंटात उडणारी जुन्या पद्धतीची मोटारसायकल. सायलेन्सर वर उचललेला, हँडल रुंद, टायरला मोठ्या खाचा, सीट एकट्यापुरती. आणि चालवणारा बाबा चक्क फूटरेस्टवर उभा!

"आपली अशी करायची," सुध्या म्हणाला.

"बोरीवलीत वाळवंट कुठाय रे?" दिल्याने विचारलं.

"गोराईला वाळू आहे ना. बास झाली."

तो माणूस उभा का, यावर आमची आठवडाभर चर्चा झाली. दिल्याचं म्हणणं, सीट तापली असणार. माझं म्हणणं, त्याला मूळव्याध आहे. सुध्या म्हणाला, "तुम्ही दोघं वेल्डिंगचं बघा."

अप्पांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "करा काय ता," म्हणाले. त्यांना वाटलं, पोरं रंग मारणार.

*

पहिल्याच रविवारी आम्ही डबल सीट करवतीने कापली. साडी चाकात जाऊ नये म्हणून डावीकडे असते ती जाळीही काढून फेकली, कारण चित्रात नव्हती. अप्पा मासळीची पिशवी घेऊन खाली आले आणि थबकले.

"माझ्या बायलेन बसूचा खंय?"

सुध्या चित्र दाखवायला गेला. अप्पांनी बघितलं नाही. माईने पुढे होऊन उरलेली सीट वितीने मोजली आणि म्हणाली, "एकाच माणसाची आसा." ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून अप्पा सुध्याशी बोलेनात. समोरासमोर जेवायला बसायचे आणि माईला म्हणायचे, "तेका सांग, मीठ दी." सुध्या मीठ सरकवायचा आणि म्हणायचा, "त्यांना सांग, घ्या." हे कित्येक महिने चाललं. आम्ही हसायचो, पण सुध्याची झोप उडाली होती. गाडीखाली तासन्‌तास पडून राहायचा.

*

मग लक्षात आलं, की चित्र उजव्या बाजूने काढलंय. डावीकडे काय असतं, ते तिघांपैकी कोणालाच ठाऊक नाही!

"डावीकडून बघतो कोण?" दिल्या म्हणाला, आणि त्याने गोडेतेलाचा डबा कापून, ठोकून, मागच्या चाकाशेजारी एक झकास पेटी बसवली. तिला काळा रंग दिला. पेट्रोल सांडून सांडून रंग उडाला आणि खालून डब्यावरचा भुईमूग दिसायला लागला. शेंगा, पानं, सगळं.

अंधेरीच्या सिग्नलला एक स्कूटरवाला बाजूला थांबला. "कौनसा मॉडेल है?"

"इम्पोर्टेड," दिल्या म्हणाला.

"और ये मूंगफली?"

"कंपनी का निशान है."

*

वर उचललेल्या सायलेन्सरने पँटींची वाट लावली. टेरिकॉटचा जमाना. पाय जरा टेकला, की पोटरीवर रुपयाएवढं भोक. माझी बहिणीच्या साखरपुड्याला शिवलेली नवी पँट पहिल्याच फेरीत गेली.

आमचा टेलर एकच होता. रफू करायला आधी सुध्या गेला, मग दिल्या, मग मी. तिघांचाही उजवाच पाय, भोकही त्याच जागी. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "तुम्हा तिघांना एकच कुत्रा चावतो का हो?"

*

आवाजाचा विषय शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला. तळमजल्यावरच्या काकूंची तक्रार अशी, की गाडी चालू असली की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. दोनदा भात करपला. सेक्रेटरी सुध्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्या या भंगाराचं काय करायचं ते आजच ठरवू."

अप्पा मागच्या खुर्चीतून उठले.

"गाडी माझी आसा. आवाजय माझो. माझ्या झिलाक कोणी बोलूचा नाय." मग जरा थांबून म्हणाले, "गोराईच्या वाळूत चलली तर रवतली. नाय तर भंगारात जातली."

सुध्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बापाने भर सभेत बाजू घेतली, आणि गाडीच्या गळ्याला सुरीही लावली. घरी गेल्यावर अप्पा माईला म्हणाले, "तेका सांग, दार लाव."

*

पुढच्या रविवारी आम्ही गाडी होडीतून खाडीपलीकडे नेली. होडीवाल्याने भुईमूग निरखून बघितला. "ही रेतीवर चालनार? माजी होडी पन रेतीवर चालत नाय," म्हणाला.

अप्पा आणि माई डबा घेऊन सुरूच्या सावलीत बसले. सुध्याने किक मारली, गियर टाकला, आणि दहा पावलांवर मागचं चाक रुतलं. ढकलून काढली, पुन्हा रुतली. तिसऱ्यांदा रुतल्यावर अप्पा उठून धोतर झटकायला लागले. सुध्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाळू गेली, असं तो अजून सांगतो.

तेवढ्यात दिल्या ओरडला, "अरे, चित्रासारखा उभा राहा ना!"

सुध्या फूटरेस्टवर उभा राहिला. गाडी दोनदा शेपूट हलवल्यासारखी हलली, वाळूतून वर आली, आणि सुटली! पार टोकापर्यंत गेली, वळली, आमच्या अंगावर वाळू उडवत परत आली. मी आणि दिल्या वेड्यासारखे नाचलो. तो माणूस उभा का, ते त्या दिवशी कळलं.

सुध्याने गाडी अप्पांच्या समोर आणून थांबवली. अप्पांनी प्रथमच ती सगळीकडून फिरून नीट बघितली, डावीकडूनही. मग त्यांनी सुध्याकडे बघून हात पुढे केला.

"चावी दी."

धोतर खोचून त्यांनी एका किकमध्ये गाडी चालू केली आणि ते फूटरेस्टवर ताठ उभे राहिले. मग मान वळवून माईला म्हणाले, "बस. माका खंय जागा व्हयी?"

माईने डबा सुध्याच्या हातात दिला. डावीकडे पाय सोडून ती बसली, साडीचा घोळ भुईमुगावर नीट टेकवला आणि अप्पांचा सदरा मागून घट्ट धरला.

"चला आता," ती म्हणाली.