सहा कपच्या

तात्यांनी पाय फिरवला आणि आमची सहा घरं गेली.

मी दहा वर्षांची होते. किल्लारीच्या अलीकडचं आमचं गाव. भूकंप होऊन काही महिने झाले होते आणि अख्खं गाव माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नवं गाव कुठं नि कसं वसवायचं याचा अभ्यास करायला शहरातून एक सर आणि एक मॅडम आल्या होत्या. सरांनी लोकांना मोकळ्या जागेत बसवलं आणि रांगोळीनं जुन्या गावाचा नकाशा काढायला लावला. वेस, मारुती, आड, गल्ल्या. मग घरटी एक चिंचोका वाटला. तुमचं घर जिथं होतं तिथं ठेवा, म्हणाले. जेवढे चिंचोके, तेवढी घरं नव्या गावात बांधणार.

वाटणारा माणूस आमच्यापर्यंत आला आणि वळून गेला. आम्ही वडार. गावाबाहेर खदानीपाशी आमची सहा पालं होती; भूकंपानंतर आम्हीही गावाबरोबर शेडमध्ये आलो होतो. मला वाटलं, चिंचोके संपले असतील. मी पळत जाऊन खदानीतून सहा कपच्या आणल्या. दगड फोडताना उडतात त्या. रांगोळीच्या शेवटच्या रेघेच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, मी त्या एकेक करून ठेवल्या. शेवटची आमची. ती नीट बसावी म्हणून तिच्यावर बोट दाबून धरलं.

"हे धरू नगा साहेब," तात्या म्हणाले. "पालवाले हायत हे. आज हितं, उद्या कुठं."

तात्या गावातले मोठे शेतकरी. सरांना गाव तेच समजावून सांगत होते. सरांनी माझ्या बापाकडे बघितलं. बापाला आम्ही नाना म्हणायचो.

"तुमचं घर पडलं का हो?"

"न्हाई साहेब," नाना म्हणाला. "आमचं कायबी पडलं न्हाई. एक मडकं सुदिक फुटलं न्हाई."

हे त्यानं मान वर करून सांगितलं. पाल काय पडणार? चार बांबू आणि वर ताडपत्री. आमच्यातलं एक माणूस मेलं नव्हतं. ज्या गावात घरागणिक मयत झालेली, तिथं आपलं रडगाणं गायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याच्या लेखी ते चांगलं बोलणं होतं. मॅडमनी वहीत एक शब्द लिहिला. मी जवळ होते आणि मला वाचता येत होतं. निरंक.

सर "बरं" म्हणाले आणि पुढच्या गल्लीकडे वळले. तात्यांनी पायानं कपच्या बाजूला सारल्या. मारावं असं नव्हतं त्यात. अंगणातला पाला सारतात तसं. त्यांची वहाण माझ्या बोटापाशी आली आणि मी हात काढला.

कुणी मला सांगितलं नव्हतं काढ म्हणून. मीच काढला.

नाना वाकला. सहाही कपच्या त्यानं वेचल्या, खिशात टाकल्या आणि हसून म्हणाला, "लेकरू हाय साहेब. समजत न्हाई."

आता हेही सांगते. भूकंपाच्या पहाटे तात्यांच्या आईला नानानं काढलं होतं. जिवंत. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद, सगळं एकावर एक बसलेलं. मदतीला आलेली माणसं वरून ओढत होती, आणि वरून ओढलं की खालचं दाबतं. कुठला दगड आधी हलवायचा ते वडाराला कळतं. नाना आणि माझे दोन चुलते सब्बल घेऊन पाच दिवस गावात होते. त्या भिंतींचे दगड नानाच्या बापानं फोडलेले. काही नानानं. त्याबद्दल तो आयुष्यात एकदाच बोलला. "मीच फोडले, मीच उचलले." पुढं काही नाही.

तात्यांच्या घरातली तिघं गेली होती. सून आणि दोन नातवंडं. म्हणून मला तात्यांचा रागसुद्धा धड करता येत नाही. करायला हवा होता, असं वाटतं. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. शेडमध्ये आले, भाकरी खाल्ली, झोपले.

नवं गाव झालं. ज्याची जमीन मोठी त्याचं घर मोठं, ज्याची जमीन नाही त्याचं लहान. पण घरं चिंचोक्यांएवढीच. आम्हाला काम मिळालं. नाना आणि माझ्या आईनं, अम्मानं, त्या घरांच्या पायातली खडी फोडली. एकेक कुटुंब शेड सोडून नव्या घरात जाताना आम्ही बघितलं. शेवटी शेडमध्ये आम्हीच उरलो आणि मग शेडचे पत्रेही काढून नेले. तेव्हा नाना म्हणाला, "चला." आम्ही लातूरला आलो.

लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक यायला लागलं होतं. एक क्लास चालला की त्याच्या आजूबाजूला दहा इमारती उठायच्या. वसतिगृहं, खोल्या, मेस, झेरॉक्स. नांदेड, उदगीर, निलंगा, कुठकुठून पोरं यायची डॉक्टर व्हायला. त्यांच्या खोल्यांचे पाये आम्ही खणले. बांधकाम चालू असेपर्यंत त्याच प्लॉटवर पत्र्याची खोली टाकून राहायचं, इमारत झाली की शेजारच्या प्लॉटवर. असं करत आम्ही एकाच गल्लीत वर्षानुवर्षं राहिलो. फक्त खोली दहा-वीस पावलं सरकायची. मी त्याच गल्लीतून शाळेत गेले, कॉलेजात गेले, भूगोल घेऊन बी.ए. झाले.

बी.ए. झाल्यावर मला सर्वेक्षणाचं काम मिळालं. शहर कसं वाढतंय, बाहेरून माणसं कुठून येतात, कुठं राहतात, याचा अभ्यास. दारोदार जाऊन गेरूनं नंबर टाकायचा आणि तक्ता भरायचा. एक संपलं की दुसरं सर्वेक्षण यायचं. मी चोख काम करायचे, म्हणून मला बोलवायचे.

कामाचा एक नियम होता. बांधकामावरचे निवारे धरायचे नाहीत. तक्त्यात त्याला 'तात्पुरते' म्हणायचे. मी तो नियम पाळला. तीन सर्वेक्षणं पाळला. मुलाच्या बारावीपुरती दोन वर्षं खोली करून राहिलेली, त्याला डबा करून घालणारी आई हे 'स्थलांतरित कुटुंब'. तिच्या दाराला मी नंबर टाकायचे. तिच्यासाठी खोली बांधणारे आम्ही तात्पुरते. संध्याकाळी काम संपवून मी अशाच एका पत्र्याच्या खोलीत जायचे आणि तक्ते नीट लावून ठेवायचे. त्या तक्त्यांत मी राहत नव्हते. याचं मला काही वाटत नव्हतं. माणूस कशालाही सरावतो म्हणतात. सरावत नाही. बधिर होतो.

चौथ्या वेळचं सर्वेक्षण मोठं होतं. त्यावरून शहराची नवी आखणी ठरणार होती. पाण्याची लाइन कुठून कुठं जाईल, घरकुलं कुणाला मिळतील, कुठली वस्ती ठेवायची, कुठली उठवायची. लातुरात पाण्याचं काय असतं ते सांगायला नको. आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणारी माणसं. नंबर असलेल्या दाराला नळ, एवढं साधं गणित होतं.

भर दुपारी मी क्लासच्या मागं, आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, नंबर टाकत चालले होते. एका अर्धवट इमारतीच्या जोत्यावर, घाईत, मी एक्केचाळीस लिहिलं. मग बघितलं तर आत घर नव्हतं. पत्रा, पोत्याचा पडदा, तीन दगडांची चूल. एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. नियम आठवला. चपलेच्या टाचेनं मी नंबर पुसायला लागले. गेरू ओला होता, पसरला.

म्हातारी माझ्या पायाकडे बघत होती.

"चुकला का गं बाई?" तिनं विचारलं.

"तुमचं धरत नाहीत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. आमचं काय, आमी काय हितले हावत का."

आणि परत तांदूळ निवडायला लागली. मी तशीच उभी राहिले. चपलेला गेरू लागला होता. तात्यांचा पाय मला इतक्या वर्षांत कधी स्वप्नातसुद्धा दिसला नव्हता. आता दिसला, आणि तो माझाच होता. मला माझी किळस आली. खूप वर्षांनी काहीतरी वाटलं, ते हे.

मी खाली बसले. जोतं पदरानं पुसून घेतलं आणि परत लिहिलं. एक्केचाळीस. मग म्हातारीचं नाव विचारलं. मग पुढच्या पत्र्याकडे गेले. तीन दिवस मी गल्लीतला एकही निवारा सोडला नाही. आमच्या स्वतःच्या खोलीला नंबर आला बहात्तर. अम्मा तोवर वारली होती. नाना त्या प्लॉटचा वॉचमन होता. नंबर टाकताना त्यानं विचारलं, "हे कशाला करायलीस?" मी दोनचा आकडा पुरा केला.

तक्ते बघून सर आले. लहानपणीचे नव्हेत, या अभ्यासाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, मला नेहमी "ताई" म्हणायचा, कामावरच्या पोरांसमोर माझ्या अक्षराचं कौतुक करायचा.

"ताई, हे निवारे खोडावे लागतील," ते म्हणाले. "ही फिरती माणसं आहेत. आकडे बिघडतात."

"सर, त्यात माझं घर आहे."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तर अवघडच झालं. स्वतःच्या घराची नोंद स्वतःच कशी घेतलीत तुम्ही?"

मी म्हणाले, चला, तुम्हीच घ्या. आणि त्यांना आमच्या खोलीवर घेऊन आले.

नाना खाटेवर बसला होता. उठून उभा राहिला. सरांनी त्याला नीट विचारलं, आवाज न चढवता. "बाबा, तुमचं घर कुठलं?"

नाना हसला. तेच हसू. "आमचं कसलं घर साहेब. आमी वाटचे. आमचं काय अडत न्हाई बगा, लई झ्याक चाललंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बघा, तेच म्हणतायत, अशा नजरेनं. पेन वहीकडे गेलं. काय लिहिणार होते ते मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

"नाना, थांब," मी म्हणाले. "तू नको बोलूस. मी सांगते."

बापाला असं मी कधी बोलले नव्हते. तो खाली बसला. मला वाईट वाटलं, पण थांबले नाही. मी सांगितलं. या गल्लीत कुठल्या वर्षी कुठल्या प्लॉटवर होतो. त्याआधी कुठल्या शेडमध्ये. त्याआधी कुठल्या खदानीवर, आणि तिथं कुणी काय वहीत लिहिलं. समोरची वसतिगृहं बोट दाखवून मोजली. म्हणाले, "ही पोरं दोन वर्षांत जातात सर. आम्ही गेलो नाही. फिरते कोण?"

सरांनी पेन खिशाला लावलं. मग हळूच म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं हो. पण पद्धत वरून ठरलेली आहे. तुम्ही नाही खोडलंत तर ऑफिसात खोडलं जाईल."

"खोडू द्या. माझ्या हातानं नाही."

ऑफिसात खोडलं गेलं. मला पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. अहवाल छापून आला, त्याच्या आधारे आखणीचा नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. मी जाऊन बघितला. आमच्या पत्र्यांच्या जागी पांढरा चौकोन आहे आणि आत लिहिलंय, रिकामी जागा. निरंक हा शब्द आता वापरत नाहीत, एवढाच फरक.

त्या रात्री नानाला सांगितलं. तो कूस वळवून झोपला. सकाळी उठून त्यानं पत्र्याच्या पेटीतून एक पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत सहा कपच्या होत्या. मला वाटलं होतं, त्यानं त्या वाटेत कुठंतरी फेकल्या असतील. इतकी वर्षं एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर त्यानं त्या आणल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्याचं दुखणं मला तेव्हा कळलं आणि त्याचा रागही आला. ठेवल्यास तर दाखवायच्या होत्यास.

नकाशावर हरकती मागवल्या आहेत. मी घेतली आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पत्र्यांच्या सह्या-अंगठे आहेत त्यावर. म्हातारीचा पहिला. तिला म्हणाले, "आमी काय हितले हावत का, हे परत म्हणायचं नाही." सोमवारी सुनावणी आहे. साहेब ऐकतील असं मला वाटत नाही. ऐकायचा त्यांना सराव नाही.

पण टेबलावर तो नकाशा अंथरलेला असेल. मी पुरचुंडी सोडणार आहे आणि त्या पांढऱ्या चौकोनात कपच्या एकेक करून ठेवणार आहे. शेवटची ठेवली की तिच्यावर बोट दाबून धरणार आहे. मग ज्याला सारायच्या असतील त्यानं साराव्यात. मी हात काढणार नाही.